स्थिर भासणारें चाक

यंत्रशाळेंत उजेड अपुरा पडला तर काम बिघडतें. परंतु उजेडानेंच डोळ्यांस फसविलें तर बोट जातें. १९३८ सालीं अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें नळीचे दिवे विक्रीस आणले, आणि दुसऱ्या महायुद्धांत रात्रंदिवस चालणाऱ्या कारखान्यांतून ते झपाट्यानें पसरले. थोड्या विजेंत पुष्कळ प्रकाश! श्रोत्यांस नवल वाटेल, पण ५० आवर्तनांच्या विजेवर साधी नळी सेकंदास १०० वेळां मंदावते. लेथचा चार जबड्यांचा चक मिनिटास १,५०० फेरे घेऊं लागला, कीं प्रत्येक उजाळ्याला एका जबड्याच्या जागीं दुसरा आलेला असतो. गरगरणारा चक स्वस्थ उभा दिसतो. म्हणून जाणते वीजतंत्री शेजारच्या नळ्या निरनिराळ्या फेजवर जोडीत. एक मंदावली तरी दुसरी उजळलेली असे.

१९९३ सालीं जपानांत शुजी नाकामुरा यांनीं प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. त्यांतून पांढरा दिवा निघाला आणि नळींतील विषारी पाऱ्याची गरज संपली. वीज सपाट करणारा ड्रायव्हर चांगला असेल, तर लुकलुकही जाते. हलक्या दिव्यांत मात्र ती अधिकच तीव्र होऊन परतते. ही काटकसर महागांतली. चाणाक्ष कारागीर नव्या दिव्यासमोर मोबाइलचा कॅमेरा धरून पाहतो, आणि पडद्यावर काळे पट्टे सरकूं लागले, तर तो दिवा लेथवर टांगीत नाहीं.