ट्राममधील नभोवाणी

वर्तमानपत्रांतील जाहिरात नको असल्यास पान उलटतां येतें. भिंतीवरच्या फलकाकडे दुर्लक्ष करतां येतें. घरांतील रेडिओला बटण असतें आणि तें फिरविण्याचा अधिकार घरच्या माणसांचा असतो. ट्रामगाडींत बसविलेल्या कर्ण्याला मात्र उतारूच्या हातीं लागेल असें बटण नसतें. या साध्या भेदावरून अमेरिकेच्या राजधानींत १९४८ ते १९५२ या काळांत जो वाद माजला, त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

वॉशिंग्टन शहरांतील ट्राम व बसगाड्या त्या वेळीं बहुतांशीं कॅपिटल ट्रॅन्झिट या एकाच खासगी कंपनीच्या होत्या. मार्च १९४८ मध्यें कंपनीनें कांहीं गाड्यांत नभोवाणीचीं यंत्रें बसवून प्रयोग आरंभिला. ऑक्टोबर १९४९ पर्यंत अशा गाड्या २१२ झाल्या. कार्यक्रम दिवसाचे निदान आठ तास चाले. त्यांत सुमारें नव्वद टक्के संगीत, पांच टक्के सूचना व निवेदनें आणि पांच टक्के व्यापारी जाहिराती असत. पांच टक्के हा आंकडा ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु हिशेब केला तर तीं तासाला तीन मिनिटें होतात, आणि तीहि एका दमांत न येतां गाण्यांच्या मधून मधून येत. जाहिरातदाराच्या दृष्टीनें ही सोन्यासारखी सोय होती. घरचा श्रोता जाहिरात लागली कीं उठून स्वयंपाकघरांत जातो. ट्रामचा उतारू आपलें ठिकाण येईपर्यंत जागचा हलत नाहीं. अशा श्रोत्यांना तिकडे ‘बंदिवान श्रोते’ असें नांव पडलें, आणि तें अगदीं यथार्थ होतें.

तक्रारी येऊं लागल्या तेव्हां शहराच्या लोकोपयोगी सेवा आयोगानें जुलै १९४९ मध्यें चौकशी हातीं घेतली. उतारूंची मतगणना झाली. ७६.३ टक्के लोक अनुकूल निघाले, १३.९ टक्क्यांना त्याचें सोयरसुतक नव्हतें, आणि ६.६ टक्के प्रतिकूल होते. या प्रतिकूल मंडळींना पुन्हा विचारण्यांत आलें, कीं बहुसंख्यांना रेडिओ हवा असेल तर तुम्ही आड याल काय? निम्म्याहून अधिकांनीं ‘नाहीं’ म्हटलें. त्यामुळें ठाम विरोधक अवघे तीन टक्के उरले. सौजन्याचें उत्तर देणाऱ्यांना संमति देणाऱ्यांच्या रांगेंत बसविण्याची ही युक्ति चतुर खरी, पण सरळ नव्हे. डिसेंबर १९४९ मध्यें आयोगानें कंपनीला मुभा दिली.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांतहि गाण्यांबरोबर जाहिरातींचे कर्णे वाजूं लागले होते. तेथें मात्र गांठ पडली ती ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे संपादक हॅरॉल्ड रॉस यांच्याशीं. त्यांच्या पत्रानें हा विषय लावून धरला. स्वतः रॉस यांनीं राज्याच्या आयोगापुढें साक्ष दिली. १९५० च्या जानेवारींत रेल्वे कंपनीनें जाहिराती बंद केल्या. ज्याच्या हातीं वाचकप्रिय साप्ताहिक आहे, त्याची तक्रार लवकर ऐकूं येते.

वॉशिंग्टनच्या तक्रारदारांपाशीं साप्ताहिक नव्हतें. कायद्याचें ज्ञान तेवढें होतें. फ्रँकलिन पोलक व गाय मार्टिन हे दोघे वकील रोजचे उतारू होते. त्यांचें म्हणणें असें, कीं कामावर जाण्यास ज्यांना दुसरें वाहन नाहीं, त्यांना सरकारमान्य कंपनीनें ऐकण्याची सक्ती करणें म्हणजे त्यांचें स्वातंत्र्य हिरावणें होय. खालच्या न्यायालयानें दावा फेटाळला. अपील न्यायालयानें १९५१ सालीं जाहिराती व निवेदनें यांपुरता तो उचलून धरला. वाचन, संभाषण किंवा निवांत विचार यांपैकीं कशासाठीं आपलें लक्ष द्यावें हें उतारूनेंच ठरवावयाचें, ही त्या निकालाची दिशा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें.

तेथें प्रथमच एक मौज घडली. न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांनीं खटल्यांत भाग घेण्याचें नाकारलें. आपण स्वतःच या प्रकाराला बळी पडलेले असून आपल्या भावना त्यांत फार गुंतल्या आहेत, असें कारण त्यांनीं मोकळेपणानें नोंदविलें. २६ मे १९५२ रोजीं निकाल लागला तो कंपनीच्या बाजूनें. बहुमताचें निकालपत्र न्या. बर्टन यांचें. घरांत जो एकांताचा हक्क मनुष्याला असतो, तो सार्वजनिक वाहनांत तितकाच मागतां येत नाहीं. कार्यक्रमामुळें संभाषणांत विशेष व्यत्यय येत नाहीं आणि त्यांतून राजकीय प्रचारहि चालत नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. न्या. ब्लॅक यांनीं संगीताला हरकत घेतली नाहीं. मात्र बातम्या, भाषणें वा प्रचार उतारूंच्या कानीं घालण्यास त्यांचा विरोध होता. न्या. डग्लस एकटेच पूर्णपणें विरुद्ध राहिले. माणसाला त्याच्या वाटेनें निवांत राहूं देण्यांतच सर्व स्वातंत्र्याचा आरंभ आहे, ही त्यांची भूमिका. आज गाणीं ऐकविण्यासाठीं दिलेली सत्ता उद्यां मतें लादण्यासाठीं वापरली जाईल, हा धोका त्यांना दिसत होता.

कंपनी खटला जिंकली, पण धंदा टिकला नाहीं. इतरत्र हे कार्यक्रम बंद पडत गेलेच होते. वॉशिंग्टनमध्येंहि निकालानंतर ते फार काळ चालले नाहींत. आपल्याकडे विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १९६७ सालीं, मुंबई, पुणें व नागपूर या केंद्रांपासून. पण तेथें बटण श्रोत्याच्याच हातीं होतें.

बंदिवान श्रोत्याची ती कल्पना पुढें पुन्हा न्यायालयांत आली. १९७४ सालीं शेकर हाइट्स शहराच्या सार्वजनिक वाहनांत राजकीय जाहिरात लावूं न देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें मान्य केला, तेव्हां डग्लस अद्याप आसनावर होते. निकालाशीं सहमत होतांना त्यांनीं ट्रामच्या उतारूंचीच बाजू पुन्हा मांडली. त्यापूर्वीं, १९७० सालीं, टपालानें घरीं येणाऱ्या जाहिरातींचा प्रश्न निघाला होता. कामुक वाटणारें टपाल पाठवूं नये अशी आज्ञा पोस्टाकडून पाठविणाऱ्यास देवविण्याचा अधिकार १९६७ च्या कायद्यानें गृहस्थाला दिला होता, आणि तें तसें आहे कीं नाहीं हें ठरविणारा तो एकटाच. न्यायालयानें हा कायदा एकमतानें उचलून धरला. मग त्या गृहस्थानें साध्या कापडचोपडाच्या सूचीपत्रावर आक्षेप घेतला, तरी पोस्टानें त्याच्याशीं वाद घालावयाचा नाहीं.