साठेखतातून माघार

घराचा सौदा ठरला, बयाना दिला, साठेखतही झाले. पण रजिस्ट्रीआधी खरेदीदाराला मागे फिरायचे असेल तर? धर्मशास्त्र याबाबत उदार होते. पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत व्यवहार फिरवण्याची मुभा मनुस्मृती देते. समोरच्याचा दोष दाखवावा लागत नाही. स्मृतिकार कात्यायनाने हीच मुदत जमिनीला लावली. त्याची विखुरलेली वचने पां. वा. काणे यांनी १९३३ मध्ये एकत्र केली.

इंग्रजी कायद्याने पश्चात्तापाला जागा ठेवली नाही, विक्रेत्याच्या दोषाला ठेवली. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील एका जागेच्या विक्रीपत्रकात तिथे मोजकेच धंदे करता येणार नाहीत असे सांगितले होते. मूळ भाडेपट्ट्यात मात्र फळविक्रीसह कितीतरी धंद्यांना बंदी निघाली. फळबाजाराच्या भागात ही बंदी क्षुल्लक कशी ठरणार? १८३४ मध्ये न्यायालयाने खरेदीदाराला अनामत परत मिळवून दिली.

भारतात १८७२ च्या करार कायद्याने फसवणूक किंवा चुकीची माहिती असल्यास करार रद्द करण्याचा हक्क दिला. मिळकतीतला सहज न दिसणारा मोठा दोष ठाऊक असून लपवणे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कपटात धरले. इंदूर मात्र तेव्हा होळकरांचे संस्थान होते. करार कायद्याची व्याप्ती अशा विलीन संस्थानांपर्यंत वाढली ती १९५१ मध्ये.

फ्लॅट आले आणि नवा दोष पुढे आला: ताबाच न मिळणे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने अशा वेळी नऊ टक्के व्याजासह परतावा ठरवला. देशभरासाठी अशी तरतूद यायला २०१६ उजाडले, हा उशीर हजारो कुटुंबांना महागात पडला. त्या वर्षीच्या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या (रेरा) कलम १८ खाली ताबा लांबल्यास ग्राहक प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह रक्कम मागू शकतो. हा हक्क बिनशर्त असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या न्यूटेक निकालात स्पष्ट केले.

त्यामुळे आज इंदूरच्या स्नेहलतागंजात एकाच गल्लीत दोन खरेदीदारांची स्थिती वेगळी असू शकते. नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डरकडून फ्लॅट घेणारा ताबा रखडताच मध्य प्रदेशच्या रेरा प्राधिकरणाकडे जाऊ शकतो. घरमालकाकडून जुने घर घेणाऱ्याला विक्रेत्याचा दोष सिद्ध करावा लागतो, आणि तो बयाना परत देत नसेल तर दिवाणी दावा लावावा लागतो. विनाकारण माघार घेतल्यास बयाना सहसा जातो.