तळं खणणारा योगी

सोलापुरात नवी पेठेच्या बाजारातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर सिद्धेश्वराचा तलाव लागतो. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, तो खणवला, असं परंपरा सांगते. सोलापूर तेव्हा सोन्नलगी होतं.

तेराव्या शतकातल्या राघवांक या कन्नड कवीनं सिद्धरामांचं चरित्र लिहिलं. त्यातली कथा अशी. मुद्दगौडा आणि सुग्गव्वा यांचा हा अबोल मुलगा रानात असताना मल्लय्या नावाचा जंगम, म्हणजे फिरता शैव साधू, आला. त्यानं आधी हुरडा मागितला, मग दहीभात. पोरगं घरून दहीभात घेऊन आलं, तर जंगम गायब! त्याला हाका मारत ते थेट श्रीशैलाला पोचलं. तिथंही भेट होईना, तेव्हा कड्यावरून उडी टाकायला निघालं आणि तिथल्या देवानं, मल्लिकार्जुनानं, दर्शन दिलं.

दर्शन झालं, पण देवाजवळ राहायला मिळालं नाही. गावी परत जा, सोन्नलगीचंच श्रीशैल कर, अशी आज्ञा झाली. सिद्धराम परतले. ६८ लिंगं स्थापन झाली, देऊळ उभं राहिलं, तळं खणलं गेलं. दुष्काळी मुलखात साक्षात्कार खरा की खोटा, याची पारख लोकांनी पाण्यावर केली.

वीरशैव संत अल्लमप्रभूंना ही पारख पुरेशी वाटली नाही. ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात ते खोदकामावर येऊन सिद्धरामांना माती उपसणाऱ्या वड्डरांचा म्होरक्या म्हणून हिणवतात आणि कामकरी चिडून दगड मारतात. अल्लमांचा रोख कामावर नव्हता. ‘हे मी केलं’ हा भाव उरला असेल, तर पुण्यकर्म म्हणजेही बंधनच, असं त्यांचं म्हणणं. सिद्धराम त्यांच्याबरोबर बसवेश्वरांच्या कल्याणला गेले, बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून अंगावर धारण करायचं इष्टलिंग घेतलं आणि पुढे शून्यसिंहासनावर, म्हणजे तिथल्या शरणांच्या प्रमुखपदावर, बसले.

गावात मात्र दुसराच पेच दंतकथेनं जपलाय. योग्याचं अंगण रोज झाडणाऱ्या कुंभारकन्येनं लग्नाचा हट्ट धरला. व्रत मोडता येईना, तिची भक्तीही झिडकारता येईना. सिद्धरामांनी योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत त्याच योगदंडाची खूण म्हणून सात नंदीध्वज निघतात, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्याच्या आदल्या दिवशी यण्णीमज्जन असतं: तळहातावरचं इष्टलिंग स्वीकारलेल्या सिद्धरामांच्या गावात दरवर्षी ६८ स्थावर लिंगांना तेल वाहिलं जातं.