भूकंप की अणुस्फोट, हे कसे ओळखतात?

जमिनीखालचा अणुस्फोट आणि नैसर्गिक भूकंप या दोन्हींच्या लहरी हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपमापकांवर उमटतात. मात्र त्यांच्या निर्मितीची रीत भिन्न असल्याने आलेखही भिन्न असतात.

स्फोटात एका बिंदूभोवतीचा खडक सर्व दिशांना एकसारखा बाहेर ढकलला जातो. त्यामुळे आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक (पी) लहरी जोरकस असतात आणि त्यांचा पहिला धक्का सर्व केंद्रांवर जमीन वर उचलतो. भूकंपात विभंगाच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांवर घसरतात. परिणामी, पहिला धक्का काही केंद्रांवर वर, तर काहींवर खाली असतो, तसेच दुय्यम (एस) व पृष्ठीय लहरी तुलनेने प्रबळ असतात. या लहरींचे परस्परप्रमाण ही मुख्य कसोटी होय. दुसरी कसोटी खोलीची. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप उथळ गणला जातो, तरीही त्याची नाभी काही किलोमीटर खोल होती. अणुस्फोटाचे विवर सहसा काहीशे मीटरच खोल असते.

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने या अभ्यासासाठी १९६५ मध्ये ब्रिटनच्या सहकार्याने कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे भूकंपमापकांची मालिका उभारली. अनेक मापकांच्या नोंदी एकत्र केल्याने क्षीण लहरी स्पष्ट होतात व त्यांची दिशा कळते.

खरी अडचण लहान धक्क्यांची आहे. कठीण खडकातील एक किलोटनाचा स्फोट सुमारे ४ तीव्रतेच्या भूकंपाएवढा भासतो. मीरा-भाईंदरच्या उत्तरेस, पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून जाणवलेले बहुतेक धक्के याहून लहान होते. ११ मे १९९८ च्या पोखरण स्फोटांच्या लहरी जगभर नोंदल्या गेल्या. परंतु १३ मे रोजी भारताने जाहीर केलेले, एक किलोटनाहून कमी क्षमतेचे दोन स्फोट पाकिस्तानातील निलोर केंद्रावरही आढळले नाहीत.

स्फोटाची क्षमता ठरविणे त्याहून कठीण, कारण एकाच क्षमतेचा स्फोट कठीण खडकात मोठा, तर सच्छिद्र मातीत लहान भासतो. ११ मे च्या स्फोटांची एकत्रित क्षमता भारताने सुमारे ५८ किलोटन सांगितली. अनेक परदेशी भूकंपतज्ज्ञांचे अनुमान त्याहून बरेच कमी होते. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी करारात पडताळणीसाठी ५० मुख्य व १२० साहाय्यक भूकंपकेंद्रांची योजना आहे. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. गुप्त चाचणी उघडकीस येईल की नाही, हे बव्हंशी अशाच क्षीण नोंदींच्या अचूक वाचनावर अवलंबून असते.