झाकिंथोसमधील समुद्रकिनारे व गावे

झाकिंथोस (इटालियन नाव: झान्ते) हे आयोनियन समुद्रातील ग्रीसचे एक बेट आहे. पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या पश्चिमेस असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौ. किमी असून केफालोनिया व कोर्फू यांच्यानंतर आयोनियन बेटांत ते आकाराने तिसरे आहे. बेटाच्या पश्चिमेस चुनखडीचे उभे कडे आहेत, तर दक्षिणेस वाळूच्या सखल पुळणी आहेत. या पुळणी पर्यटकांना प्रिय आहेत आणि लॉगरहेड समुद्री कासवांचे भूमध्य समुद्रातील एक प्रमुख विणीचे ठिकाणही आहेत.

समुद्रकिनारे

दक्षिणेकडील लागानासच्या आखातात गेराकास, दाफनी, सेकानिया, कालामाकी, पूर्व लागानास आणि माराथोनिसी या सहा पुळणींवर कासवे उन्हाळ्यात अंडी घालतात. वायव्य किनाऱ्यावरील नावाजिओ पुळणीवर १९८० मध्ये ‘पानागिओतिस’ हे मालवाहू जहाज रुतले. ‘नावाजिओ’ या शब्दाचा अर्थच जहाजफुटी असा आहे. येथे केवळ बोटीने पोहोचता येते. सप्टेंबर २०१८ मध्ये येथील कड्याचा भाग कोसळला व काही पर्यटक जखमी झाले. पुढे पुळणीवर उतरण्यास बंदी घालण्यात आली.

गावे

ऑगस्ट १९५३ मधील भूकंपात बेटावरील बहुतांश इमारती कोसळल्या. त्यामुळे जुनी घरे आज मोजक्याच ठिकाणी दिसतात. उत्तरेकडील वोलिमेस हे डोंगराळ गाव हातमागावरील विणकामासाठी ओळखले जाते. आनाफोनित्रिया येथील मठात बेटाचे संरक्षक संत दिओनिसिओस यांनी आयुष्याची अखेरची वर्षे व्यतीत केली. दक्षिणेकडील केरी गावाजवळ नैसर्गिक डांबराचे झरे आहेत. झाकिंथोसमधील एका तळ्यातून डांबर काढले जात असल्याचे वर्णन इ. स. पू. ५ व्या शतकात हिरोडोटसने केले आहे.

कासवांचे संरक्षण

मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी पुरते. सुमारे दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्रावरील उजेडाच्या दिशेने सरकतात. हॉटेलांच्या दिव्यांमुळे ती जमिनीकडे भरकटतात. वाळूत रोवलेल्या छत्र्यांच्या दांड्यांनी अंडी फुटू शकतात. या कारणांमुळे १९९९ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले. तरीही कासवांच्या रक्षणासाठी पुरेशी पावले न उचलल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २००२ मध्ये ग्रीसविरुद्ध निकाल दिला. विणीच्या पुळणींवर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जाण्यास मनाई असून सेकानिया पर्यटकांसाठी पूर्णतः बंद आहे.