फळमाशीची वंशावळ

शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीचें पाठशोधन केलें. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या जवळजवळ तीनशें वर्षांत नकलेमागून नकला होत गेल्या आणि पाठ पालटत गेले. अशा प्रती ताडून पाहणारास एक नियम उपयोगी पडतो: ज्या प्रतींत एकच विशिष्ट चूक आढळते, त्यांचें मूळ बहुधा एकच असतें.

विसाव्या शतकांत हाच नियम एका क्षुद्र कीटकाच्या इतिहासाला लागू पडला. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी फळमाशी, शास्त्रीय नांव ड्रॉसोफिला, हा तो कीटक होय. १९१३ सालीं अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठाच्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनीं तिच्या एका गुणसूत्रावरील जनुकांचा क्रम प्रथम आंखला. १९३३ मध्यें टेक्सास येथें पेंटर यांनीं अळीच्या लाळग्रंथींतील प्रचंड गुणसूत्रांवरचे पट्टे नकाशांत उतरविले. गुणसूत्राचा एखादा तुकडा तुटून उलटा जोडला गेला, तर तें आतां सूक्ष्मदर्शकांतून डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें.

१९३६ सालीं स्टर्टेव्हंट व डोबझान्स्की यांनीं ‘स्युडोऑब्स्क्यूरा’ जातीच्या तिसऱ्या गुणसूत्रांतील अशा उलटापालटींवरून तिच्या इतिहासाचा मागोवा घेतला. रीत सोपी होती. एका कुळांत क्रम ‘कखगघचछजझट’, दुसऱ्यांत ‘कचघगखछजझट’ आणि तिसऱ्यांत ‘कचझजछखगघट’ आहे असें समजावें. पहिल्यांतून तिसरा क्रम एकदांच तुकडा उलटवून मिळत नाहीं. दोनदां उलटवावा लागतो, आणि वाटेंत दुसरा क्रम येतोच. परंतु वंश पहिल्याकडून तिसऱ्याकडे गेला, तिसऱ्याकडून पहिल्याकडे आला, कीं मधल्यापासून दोहोंकडे फुटला, हें हा क्रम सांगत नाहीं. वृक्षाचें मूळ ठरवावयाचें तर दूरच्या एखाद्या जातीशीं तुलना करावी लागते.

दुसरा घोटाळा वेगाचा. नराला एक्स हें गुणसूत्र एकच असतें. त्यामुळें त्यावरील अप्रभावी पण हितकर बदल झांकला न जातां निवडीसमोर तत्काळ येतो. म्हणून एक्सवरील जनुकें अधिक वेगानें पालटूं शकतील, असा सिद्धांत १९८७ मध्यें चार्ल्सवर्थ, कॉइन व बार्टन यांनीं मांडला. २००७ सालीं बारा जातींचे जीनोम ताडून पाहण्यांत आले, तेव्हां बहुतेक जनुकें गुणसूत्राच्या त्याच बाहूवर टिकलेलीं दिसलीं; बाहूवरचा त्यांचा क्रम मात्र पार विस्कटला होता.

तात्पर्य, एका गुणसूत्रावरील फरकांवरून बसविलेलें कालमान दुसऱ्यास जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. जेथें फांदीची लांबी बदलांची संख्या दाखविते, तेथें ती वय दाखवीत नाहीं. आज जिवंत असलेल्या दोन जाती समान पूर्वजापासून सारख्याच काळाच्या अंतरावर आहेत. त्यांत एक मागासलेली व दुसरी प्रगत असें मानणें म्हणजे वृक्षाला शिडी समजणें होय. हस्तलिखितांचेंही तसेंच आहे. पाठभेद अधिक म्हणून प्रत अधिक जुनी ठरत नाहीं. ती अधिक वेळां नकलली गेली असेल, किंवा लिहिणाऱ्याचा हात घाईंत असेल.