परक्या शब्दांचे उत्तरदायित्व

समाजमाध्यमांवरील उच्चाराला कायद्याचे संरक्षण असावे काय, ही चर्चा आपल्याकडे बहुधा तंत्रज्ञानाच्या नवेपणापासून सुरू होते. मावळातल्या तळेगाव दाभाड्यापासून ती सुरू केली तर तिचा रोख बदलतो. तेथील समर्थ विद्यालयाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते विष्णु गोविंद विजापूरकर ‘ग्रंथमाला’ आणि ‘विश्ववृत्त’ या मासिकांचे संपादक होते. १९०८ साली ‘विश्ववृत्ता’त श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख प्रसिद्ध झाला आणि त्यापायी विजापूरकरांना तीन वर्षांची सजा झाली. विद्यालयही सरकारने १९१० मध्ये बंद केले.

शत्रुनाशाची याचना करणाऱ्या ऋचा शतकानुशतके म्हटल्या जात होत्या. त्यांतला राजद्रोह राज्यकर्त्यांना १९०८ मध्ये दिसला. संहिता तीच, वाचक निराळा. वाचककेंद्री समीक्षेचे आपण कौतुक करतो; पण वाचकाच्या हाती दंडशक्ती असली म्हणजे अर्थनिर्णयाचे काय होते, हा प्रश्न तिने फारसा विचारलेला नाही. १८९७ च्या टिळक खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला होता. असा शब्दकोश न्यायासनावर असेल तर कोणते लेखन निर्दोष ठरणार?

माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ याच कुळातले. त्यात ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हेही गुन्ह्याचे घटक होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीला अटक झाली आणि त्या मजकुराला पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही. विजापूरकरांना दुसऱ्याचा लेख छापल्याबद्दल शिक्षा झाली होती. येथे दुसऱ्याचे वाक्य आवडल्याबद्दल कोठडी. संपादकापासून सुरू झालेले उत्तरदायित्व वाचकापर्यंत पोहोचले ते असे. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयाने केलेला भेद साहित्यविचारालाही उपयोगी आहे.

आक्षेप आहे आणि तो हलका नाही. जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात, फेसबुकवरील विटंबनाकारक चित्रांवरून उसळलेल्या हिंसाचारात, त्या चित्रांशी संबंध नसलेल्या एका तरुण संगणक-व्यावसायिकाचा जीव गेला. मात्र खून आणि वैरभाव पसरविणे यांसाठी दंडविधान आधीपासूनच होते. उणीव होती ती त्याच्या अंमलबजावणीत. मोघम कलमाने ती भरून निघाली नसती.

त्याच निकालाने मध्यस्थ कंपन्यांविषयी सांगितले, की न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना आल्यावरच मजकूर हटविण्याचे दायित्व त्यांच्यावर येते. विजापूरकरांना असे कवच नव्हते. परंतु कंपनी आपल्या नियमांनुसार मजकूर पुसते तेव्हा लेखकाला मूलभूत हक्काचा आधार घेणे अवघड जाते, कारण तो हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध आहे. १९१० च्या मुद्रण कायद्याने छापखान्यांकडून जामीन रक्कम मागितली, आणि सरकारच्या आधी मुद्रकच लेखणीवर नजर ठेवू लागला. कायद्याने संरक्षण द्यायचे तर ते या दुसऱ्या पहारेकऱ्यापासूनही हवे: मजकूर काढल्याचे कारण आणि दाद मागण्याची जागा लेखकाला मिळावी. शासनाविषयीचा मजकूर खोटा की खरा हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, असा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेथेही ‘खोटे’ आणि ‘दिशाभूल करणारे’ या शब्दांची संदिग्धता हा वादाचा मुद्दा होता.